कार्डाची कड कुणी कापली?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक मुलगा आला. ऑफिस म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, पण बोर्ड लावलाय म्हणून ऑफिस म्हणायचं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, "सर, माझी फसवणूक झालीय. बातमी लावा." मला वाटलं मेसचं डिपॉझिट असेल, नाहीतर स्कॉलरशिपचा घोळ. त्याने बॅगेतून कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलेलं एक पोकेमॉनचं कार्ड काढलं. किंमत १८ हजार रुपये. दोन वर्षं ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे. मी आधी हसलो, खरं सांगतो. मग त्याने खिशातून दहा-वीस रुपयांवालं साधं कार्ड काढून त्यावर ठेवलं. दोन्ही एकाच मापाची हवीत, ६३ बाय ८८ मिलिमीटर. महागाचं कार्ड एका बाजूने केसभर आखूड होतं.

म्हणजे घासून पांढरी पडलेली कड कुणीतरी ब्लेडने साफ केली होती, म्हणजे ते नव्यासारखं दिसावं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मला आलं तसंच तुला दिलं. कंपनीतूनच कधी कधी असं कापून येतं."

बातमी मी लावली नाही. एका बाजूचं ऐकून कुणाला चोर ठरवायचं, तेही केसभर मापावरून, हे आपल्याला जमणारं नाही. पण "आलं तसंच दिलं" हे वाक्य डोक्यात राहिलं. म्हणून थोडं वाचलं. आणि कळलं की हेच भांडण अमेरिकेत निदान चाळीस वर्षं चाललंय. त्यात कोट्यधीश आहेत, एफबीआय आहे आणि तुरुंगसुद्धा आहे.

सुरुवात सिगारेटपासून करावी लागते. १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असायची. आत सिगारेटी मोडू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. पुठ्ठा घालायचाच आहे तर त्यावर चित्र छापा, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या चित्रासाठी परत येईल, ही त्यामागची व्यापारी अक्कल. नट्या, पक्षी, राजे आणि बेसबॉलचे खेळाडू. बाप सिगारेट ओढायचा आणि पोरगं दुकानाबाहेर चित्रासाठी हात पसरून उभं राहायचं.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पांढऱ्या किनारीची बेसबॉलपटूंची मालिका काढली. सव्वापाचशेच्या आसपास वेगवेगळी कार्डं. एका कार्डाची रुंदी दीड इंचाहून जरा कमी, उंची अडीच इंचाहून जरा जास्त. त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड होतं. हा माणूस साधासुधा नव्हता. १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यातला हा एक. त्याने आपलं चित्र छापायला हरकत घेतली आणि कंपनीने छपाई थांबवली. का हरकत घेतली, याचे दोन पाठ आहेत. एक म्हणतो, मुलांनी माझ्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये असं त्याला वाटत होतं. दुसरा म्हणतो, कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे दुसऱ्या पाठालाही लोक मान डोलावतात. ते काही असो, बाजारात फार थोडी कार्डं गेली. आज जगात साधारण पन्नास-साठ शिल्लक आहेत, असं जाणकार मानतात.

इथे एका माणसाबद्दल थांबून सांगतो, कारण मला या सगळ्या कथेत तो सगळ्यात आवडला. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, साधी नोकरी करणारा, संधिवाताने हात वाकडे झालेला. त्याने आयुष्यभर कागदी चित्रं जमवली आणि त्यांची यादी केली. वॅग्नरच्या मालिकेला आज सगळं जग 'टी २०६' म्हणतं, तो क्रमांक बर्डिकच्या यादीतला. टी म्हणजे टोबॅको. आपला तीन लाखांहून जास्त चित्रांचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट देऊन टाकला. वर स्वतः तिथे बसून, दुखऱ्या हातांनी, एकेक कार्ड वहीत चिकटवलं. १९६३ च्या सुरुवातीला काम संपलं आणि दोन-अडीच महिन्यांत माणूस गेला.

चिकटवलं, हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या बाजाराच्या हिशोबाने मागे खळ लागलेलं कार्ड म्हणजे खराब कार्ड. बर्डिकच्या डोक्यात बाजार नव्हताच.

त्या काळात कड कापणं हेही पाप नव्हतं. वहीच्या कप्प्यात बसत नाही म्हणून कार्ड कापायचे. फाटलेला कोपरा सारखा करायचे. आम्ही तरी काय वेगळं केलं? नव्वदच्या दशकात माझ्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रंप कार्डांचा गठ्ठा होता, जत्रेतून आणलेला. अंडरटेकरचं कार्ड खेळून खेळून चिंधी झालं होतं. मी मामाच्या शिलाईच्या कात्रीने चारही बाजू नीट केल्या. कार्ड झकास दिसायला लागलं, पण गठ्ठ्यात घातलं की आखूड असल्यामुळे लगेच ओळखू यायचं आणि समोरचा आधीच सावध व्हायचा. मग मी ते शेजारच्या पोराला दोन कार्डांच्या बदल्यात दिलं. कापलंय हे सांगितलं नाही. संध्याकाळी त्याची आई घरी आली होती. असो.

तर पैसा आला आणि कात्रीचा अर्थ बदलला.

१९८५ साली बिल मॅस्ट्रो नावाच्या एका संग्राहक-डीलरने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधल्या एका कार्डाच्या दुकानात वॅग्नरचं एक कार्ड २५ हजार डॉलरना घेतलं. दोनच वर्षांत ते क्रीडासाहित्याच्या दुकानांची साखळी असलेल्या एका कॅलिफोर्नियातल्या व्यापाऱ्याला १ लाख १० हजार डॉलरना विकलं. कार्ड इतकं स्वच्छ, कडा इतक्या सरळ, कोपरे इतके टोकदार की बघणाऱ्याला वाटावं कालच छापलंय. बाकीचे वॅग्नर चुरगळलेले, पिवळे पडलेले, आणि हा एकटा नवरदेवासारखा. तेव्हाच काही जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. शंभरीकडे चाललेल्या माणसाचे सगळे दात शाबूत असले तर कवळी आहे का बघावं लागतं.

१९९१ मध्ये सोथबीजच्या लिलावात हे कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरना गेलं. घेणारे दोघे. एक आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की, दुसरा त्याच्या लॉस एंजेलिस किंग्ज संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल. हा मॅकनॉल मूळचा जुन्या नाण्यांचा व्यापारी, आणि पुढे बँकांना फसवल्याच्या गुन्ह्यात त्याला ७० महिन्यांची शिक्षा झाली. तो वेगळा विषय आहे, पण या कार्डाचं नशीब बघा कसं एकेक माणूस गाठत होतं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते सगळ्या भांडणाची मुळी तिथे आहे. तोवर कार्ड चांगलं की वाईट हे विकणाराच सांगायचा. 'मिंट आहे' म्हणाला की मिंट. या जाचाला कंटाळलेल्या बाजारात १९९१ मध्ये पीएसए नावाची कंपनी आली. तुम्ही कार्ड पाठवा, फी भरा, आमचे तज्ज्ञ तपासतील, १ ते १० मध्ये गुण देतील आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करतील. कल्पना चांगलीच होती. नव्या कंपनीला गाजावाजा हवा होता आणि ग्रेट्स्कीच्या कार्डाइतकं गाजलेलं दुसरं कार्ड नव्हतं. कंपनीच्या सुरुवातीच्याच कार्डांत ते तपासलं गेलं आणि ८ गुण मिळाले. नियमाप्रमाणे कापलेल्या कार्डाला गुणच द्यायचे नसतात. नंतर बऱ्याच वर्षांनी, तपासणाऱ्यांपैकी एकाने न्यूयॉर्क डेली न्यूजच्या दोन पत्रकारांना सांगितलं की कार्ड कापलेलं आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं. त्या दोघांचं या कार्डावरचं पुस्तक २००७ मध्ये आलं.

पत्रकार म्हणून मला ही गोष्ट लागते. ज्याला 'बघून सांग' म्हणून पैसे दिले, त्याने बघितलं आणि सांगितलं नाही.

आपल्याकडे बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासतात, तेल लावतात, रंगवतात. घेणारा काही वेडा नसतो. तो सरळ बैलाचं तोंड उघडतो आणि दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, ते तिथल्या तिथे कळतं. प्लॅस्टिकमध्ये सील केलेल्या कार्डाचं तोंड उघडता येत नाही. उघडलं तर गुण गेले आणि गुण गेले तर किंमत गेली. म्हणजे डबी घेणाऱ्याच्या भल्यासाठी आणली, आणि घेणाऱ्याचेच हात बांधले गेले.

पुढचा प्रवास पटापट सांगतो. १९९५ मध्ये वॉलमार्टसाठी ५ लाख डॉलरना खरेदी, ग्राहकांच्या सोडतीत बक्षीस म्हणून लावायला. १९९६ मध्ये सोडत लागली फ्लोरिडातल्या पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंना. त्यांना बक्षिसावरचा कर परवडेना, म्हणून त्यांनी कार्ड लिलावात काढलं. ६ लाख ४० हजार ५०० डॉलर. २००० मध्ये १२ लाख ६५ हजार. २००७ मध्ये एकाच वर्षात दोनदा विकलं गेलं, आधी साडेतेवीस लाखांना, मग २८ लाखांना. शेवटचा खरेदीदार केन केंड्रिक, अॅरिझोनाच्या बेसबॉल संघाचा मालक. दर वेळी 'कापलंय' अशी कुजबुज होती आणि दर वेळी भाव चढत होता. प्रत्येक विकणाऱ्याकडे एकच उत्तर, डबीवर ८ लिहिलंय. आलं तसंच दिलं.

मॅस्ट्रो एव्हाना या धंद्यातला सगळ्यात मोठा लिलाववाला झाला होता. २००९ मध्ये त्याची कंपनी बंद पडली आणि २०१२ मध्ये शिकागोत त्याच्यावर आरोपपत्र दाखल झालं. मुख्य आरोप कार्ड कापल्याचा नव्हताच. लिलावात आपलीच माणसं बसवून खोट्या बोल्या लावायच्या आणि खऱ्या गिऱ्हाइकाला वर चढवत न्यायचं, हा होता. (कुठल्याही मार्केट यार्डात उभा राहिलेला माणूस हे वाचून हसेल.) आरोपपत्रात एल्विस प्रेस्लीचे म्हणून विकलेले केससुद्धा होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याच कबुलीत हेही मान्य केलं की वॅग्नरच्या कडा मीच कापल्या होत्या आणि विकताना सांगितलं नव्हतं. २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली.

इथे एक बारकावा आहे. स्वतःच्या मालकीचं कार्ड कापणं हा गुन्हा नाही. उद्या मी माझं लग्नाचं पाकीट कापलं तर पोलीस येणार नाहीत. गुन्हा लपवण्याचा आहे. अमेरिकेत अशा प्रकरणांत बहुतेक 'मेल फ्रॉड' हे कलम लागतं, म्हणजे टपालाचा वापर करून केलेली फसवणूक. कात्रीवर कायदा नाही, गप्प राहण्यावर आहे. आणि गप्प राहिलो हे सिद्ध करायला मला माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. बहुतेक भांडणं तिथेच विरतात.

डीलरांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो. ते म्हणतात, म्युझियममध्ये जुनी चित्रं साफ करतात, फाटलेल्या पोथ्या जोडतात, त्याला तुम्ही संवर्धन म्हणता. आम्ही कार्डावरचा डाग पुसला तर फसवणूक कशी? यात तथ्य आहे. जुन्या वहीत चिकटवलेलं कार्ड साध्या पाण्यात भिजवून सोडवणं बहुतेक संग्राहकांना चालतं. मग पाण्यात दोन थेंब रसायन टाकलं तर? सुरकुती ओली करून वजनाखाली दाबली तर? उडालेला रंग पेनाने भरला तर? रेघ कुठे मारायची यावर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. कॉमिक्सच्या धंद्यात सीजीसी या कंपनीने दुरुस्त केलेल्या पुस्तकाला जांभळं लेबल लावायची पद्धत पाडली. दुरुस्ती करा, पण दिसू द्या. कार्डवाल्यांनी मात्र कापलेल्या कार्डाला गुणच नाकारायचे ठरवलं, आणि म्हणून कापणाऱ्याला लपवण्यातच फायदा राहिला.

दुसरा मुद्दाही खरा आहे. 'कंपनीतून असंच येतं' हे दर वेळी खोटं नसतं. जुन्या काळी मोठ्या कागदावर अनेक कार्डं छापून मशीनने कापत आणि पातं दर वेळी एकाच जागी पडेलच असं नव्हतं. कमी मापाची पण अस्सल कार्डं निघालेली आहेत. त्यामुळे नुसत्या पट्टीवर निकाल देता येत नाही, कड बघावी लागते. शंभर वर्षांपूर्वी कापलेली कड हवेने, हाताने मळकी होते, तंतू बसून जातात. ताज्या ब्लेडची कड भिंगाखाली उजळ आणि गुळगुळीत दिसते, कधी किंचित बाक घेते. चेहऱ्यावर सुरकुत्या आणि कोपरे मात्र सुईसारखे, असं दिसलं की समजायचं. मागाहून कागद चिकटवला असेल तर अतिनील दिव्याखाली धरतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर सर्रास आली. १९१० चं कार्ड त्या दिव्याखाली निळसर चमकलं तर काहीतरी घोळ आहे.

२०१९ मध्ये संग्राहकांनी एक नामी युक्ती काढली. जुन्या लिलावांचे फोटो आणि नव्या विक्रीचे फोटो शेजारी ठेवायचे. छपाईतला एखादा ठिपका, एखादा डाग हा कार्डाच्या बोटाच्या ठशासारखा असतो. त्यावरून दिसायला लागलं की अमुक वर्षी ५ गुणांच्या डबीत असलेलं कार्ड तमुक वर्षी ८ गुणांच्या डबीत आहे, मधल्या काळात किनार बारीक झालीय नाहीतर सुरकुती गायब झालीय. म्हणजे डबी फोडायची, कार्ड 'सुधारायचं' आणि परत तपासायला पाठवायचं. ५ आणि ८ मधला फरक काही वेळा पाचपट-दहापट पैशांचा असतो. एकेक करत शेकडो कार्डं सापडली. एफबीआय चौकशी करतंय अशी बातमी त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन पोस्टने दिली.

लक्षात घ्या, हे काम कुठल्या कंपनीने केलं नाही, सरकारनेही नाही. नोकरी-धंदा सांभाळून रात्री जागणाऱ्या, स्वतःचे पैसे बुडालेल्या लोकांनी केलं. आणि गुण देणारी कंपनी पैसे घेते कुणाकडून? कार्ड पाठवणाऱ्याकडून, म्हणजे बहुतेक वेळा विकणाऱ्याकडून. महागड्या कार्डाला फीसुद्धा जास्त. घेणारा त्या व्यवहारात कुठेच नसतो. आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर फॅट कोण मोजतो आणि पैसे कोण देतो, यावरून किती भांडणं होतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता एक मजेची गोष्ट. कापलेल्या वॅग्नरच्या २८ लाखांच्या कितीतरी पुढे भाव गेला तो देखण्या कार्डांचा नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एक वॅग्नर ६६ लाख ६ हजार डॉलरना गेला. त्याला गुण होते ३. पुढच्याच वर्षी दुसरा साडेबहात्तर लाखांना, गुण २. थकलेली, कोपरे झिजलेली कार्डं, पण कुणी ब्लेड लावलेलं नाही. बाजार अचानक साधुसंत झाला असं मी म्हणत नाही. त्याच वर्षी मिकी मँटलचं १९५२ चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं आणि त्याला गुण होते साडेनऊ. चकचकीत मालाची हाव आहे तिथेच आहे.

त्या मुलाला हे सगळं मी फोनवर थोडक्यात सांगितलं. भिंग आणून कड बघ म्हटलं. त्याने कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली आणि फोटो पाठवला. तीन कडा एकसारख्या, चौथी वेगळीच, ताज्या कापल्यासारखी. तो फोटो त्याने विकणाऱ्याला पाठवला. विकणाऱ्याने आधी शिव्या घातल्या, मग म्हणाला की मी पण हे दुसऱ्याकडूनच घेतलं होतं, मला खरंच माहीत नव्हतं. असेलही. पैसे परत द्यायला तयार नाही. ग्राहक मंचात जायचं का हे मुलगा विचारतोय. बिल नाही, यूपीआयची नोंद आणि चॅट आहे. एका वकील मित्राला कागद दाखवलेत.

मधल्या काळात दुसऱ्याच गावच्या एकाने त्याला त्या कार्डासाठी १५ हजार देऊ केले होते. कड कापल्याचं त्याला माहीत नव्हतं. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने मायक्रोस्कोपचा फोटोही पाठवून दिला. आता तो माणूस ४ हजार म्हणतोय. मुलाने अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमच्या मुलांकडे अशी कार्डं असतील आणि कुणाशी असा व्यवहार फसला असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव येणार नाही.